चारशे नव्वद

दगड घडवणाऱ्याचं अर्धं काम हातांचं असतं आणि अर्धं तोंडाचं, हे संस्थेला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आम्हालाच ते काम वाटत नव्हतं. टाकीवर, म्हणजे छिन्नीवर, चार घाव घालायचे, कडेला दगडाचं पीठ साचलं की वाकून फू करून उडवायचं, रेघ दिसली की पुढचे चार घाव. दिवसात असे किती फू होत असतील ते मोजायला कोणाला सवड होती! माझे सासरे असेच फुंकत गेले. मोठे दीर तसेच गेले. आता आमचे हे फुंकत होते.

त्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं. आवारातला हौद मार्गशीर्षातच कोरडा पडला आणि सकाळपासून जो वारा सुटायचा तो दिवस मावळेपर्यंत थांबायचा नाही. आवार म्हणजे चढाच्या पायथ्याशी पत्र्याच्या तीन शेड, मधे दगडांचे ढीग, आणि फाटकाशी मुकादमाची खुर्ची. पायऱ्या, उंबरे, फरश्या, जे लोक मागतील ते तांबड्या मऊ दगडात घडवून द्यायचं. आमचं घर चढाच्या वर. खालून उडालेली धूळ वर येऊन हंड्यातल्या पाण्यावर साय धरायची. मी दिवसातून तीनदा झाडायचे आणि तीनदा तेवढीच सुपली भरायची.

मोठे दीर दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यात क्षय म्हणाले. आठ महिने गोळ्या खाल्ल्या, लघवी लाल झाली, अंगावरचं मांस उतरलं, खोकला मात्र जागचा हलला नाही. शेवटी त्यांना उताणं झोपता येत नव्हतं. उशीवर कपाळ टेकून बसायचे आणि तसेच बसल्या बसल्या गेले. सासूबाईंनी त्यांचा छातीचा फोटो ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवला होता. दुसरा फोटो काढलेलाच नव्हता त्यांचा.

संस्था आली ती त्यानंतरच्या वर्षी. ‘निरोगी जीवन अभियान’ असा कापडी फलक मुकादमाच्या शेडवर लागला. एक सर होते, शहरातून गाडीने यायचे. एक ताई होती, स्कूटरवरून यायची, डोक्यावरचं हेल्मेट काढलं की केस चपटे झालेले असायचे. पहिल्या सभेत सरांनी तक्ता लावून मीठ कमी, साखर कमी, तेल कमी असं सांगितलं. आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कमी करायला आधी डब्यात असायला तर हवं.

“आणि रोज किमान अर्धा तास चाला,” सर म्हणाले.

“डोक्यावर हंडा असला तर धरता का?” मागून एकीने विचारलं.

सगळ्या हसल्या. ताईही हसली, सर नाही हसले. मग त्यांनी पुरुषांना शेडमध्ये मांडी घालून बसवलं आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. शेजारच्या शेडमध्ये कटर चालू होता. “खोल घ्या, अगदी पोटापर्यंत जाऊ द्या,” सर सांगत होते. तेव्हा ठणठणकाका एक डोळा उघडून म्हणाले, “छातीत झाले, आता पोटात तेवढे दगड जायचे राहिलेत.” ठणठणकाका म्हणजे आवारातले सर्वांत जुने कारागीर. प्रत्येक दगडावर बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून, तो आतून चिरलेला आहे का ते सांगायचे. कधी चुकले नाहीत.

पण मी संस्थेला नावं ठेवणार नाही, निदान ताईला तरी नाही. ती आमच्या घरी आली, सासूबाईंजवळ बसली, ट्रंकेतला फोटो मागून घेतला. चौदा दिवसांनी परत घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“वहिनी, हा क्षय नव्हता,” ती म्हणाली. “मोठ्या डॉक्टरांना दाखवला मी. ही दगडाची धूळ आहे. आत गेली की बाहेर येत नाही. फुप्फुसाचा दगड होत जातो.”

“औषध?” मी विचारलं.

“नाही. धूळ थांबवायची, एवढंच.”

दोन पिढ्या गेल्या आमच्या घरातल्या, आणि हे एवढं एक वाक्य आम्हाला कोणी बोललं नव्हतं. सासूबाईंनी फोटो परत घडीत ठेवला. हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि खाली कामाला निघून गेले.

ताईने मग तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणल्या, चांगल्या जाड, दोन नळकांडी लावलेल्या. पहिले दोन दिवस सगळ्यांनी बांधल्या. मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे. चार घाव घालून झाले की पट्टी हनुवटीवर ओढायची, वाकायचं, फू करायचं, आणि तेवढ्यात वर उडालेली सगळी धूळ नाकाने ओढून घेऊन पट्टी परत वर. म्हणजे जेव्हा हवी तेव्हाच नेमकी खाली. ताई यायची ती जेवणाच्या सुट्टीत, तेव्हा सगळ्यांच्या पट्ट्या कशा शहाण्यासारख्या गळ्यात लटकत असायच्या. मी तिला म्हटलं, सुट्टी संपल्यावर दहा मिनिटं थांबा. ती थांबली आणि बघत राहिली. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “हे आमच्या डोक्यातच आलं नाही.”

त्यातूनच फवाऱ्यांची गोष्ट निघाली. पाण्याची एक टाकी, तिला बारीक नळ्या, आणि नळीचं तोंड छिन्नीच्या घावाशी. पाणी ठिबकत राहतं, पिठाचा चिखल होऊन वाहून जातो, तेच पाणी गाळून परत वर चढवायचं. म्हणजे टँकर आठवड्याला एकच लागणार, आणि तोही संस्था आणणार. धूळ उडणारच नाही, तर फुंकायचं कशाला? त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. किती दिवसांनी असं झालं ते आठवेना.

फक्त फवारे होते एकाच आवारापुरते आणि आवारं होती दोन. दुसरं टेकडीच्या पलीकडे. तिथे फरश्या कापायची मोठी यंत्रं होती, हातघडाई नव्हती. सर म्हणाले, “ज्यांच्या छात्या जास्त खराब, त्यांना आधी.” हे बरोबरच होतं. यात कोणी काही खोट काढावी असं काही नव्हतं.

छात्या तपासायचा दिवस आला. ताईने पिशवीतून पांढरी नळी काढली, तिच्यावर आकडे आणि लाल काटा. बायका म्हणाल्या, ही तर आपली फुंकणी, चुलीवाचून हिंडतेय. सरांनी समजावलं: ताठ उभं राहायचं, श्वास भरून घ्यायचा, नळी तोंडात धरून एका झटक्यात जोरात फुंकायचं. काटा जिथे जाईल तो आकडा. तीन वेळा फुंकायचं.

पहिला गेला तो तीनशे नव्वदवर. मग ठणठणकाकांनी, वय वर्षे साठ, चारशे तीस केले. तिथे सगळं बिनसलं. पुरुषांना एकदा आकडा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. बाह्या वर सरकवल्या गेल्या. चहाची पैज लागली. ज्याचा कमी आला त्याला “बायकोला बोलव रे हात लावायला” असं ऐकावं लागलं. मुकादम खुर्ची उचलून जवळ येऊन बसला. हे सर्वांच्या शेवटी उठले. पाय फाकून उभे राहिले, नळी दातांत धरली आणि फट्कन फुंकलं. काटा सुटला तो चारशे नव्वदवर जाऊन थांबला.

आरडाओरडा झाला. सरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या आणि नळी हातात देऊन यांचा फोटो काढून घेतला. मुकादम म्हणाला, “माझ्या आवारात माणसं नाहीत, घोडे आहेत घोडे.” खोटं कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वाचलो. बाकीच्यांचं काय असेल ते असो, आपला माणूस धडधाकट आहे. त्या दिवसापासून सगळं आवार यांना ‘चारशेनव्वद’ म्हणायला लागलं. फाटकातून आत शिरले की हाक यायची, “या चारशेनव्वद!” हे वरवर चिडायचे, पण घरी आल्यावर आरशात बघायचे.

दहा दिवसांनी ताई आली ती खाली मान घालूनच. फवारे पलीकडच्या आवाराला मिळाले होते.

“त्यांची सरासरी दोनशे साठ आली, वहिनी. तुमची चारशे वीस. सर म्हणाले, इथली माणसं ठणठणीत आहेत.”

माझ्या डोळ्यांसमोर तो चढ आला. चारशे नव्वदवाला माणूस तो चढ चढताना तीनदा थांबायचा. एकदा चपलेतला खडा काढायला, एकदा खाली कोणाला तरी हाक मारायला, एकदा नुसताच. रोज चपलेत खडा कसा जातो, हे मी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं असं काही असतं ना घरात, तसं.

त्याच संध्याकाळी चूल पेटेना. लाकडं ओली नव्हती, पण निखाऱ्यावर राख बसली होती. मी फुंकणी घेऊन फुंकतेय, धूर डोळ्यांत जातोय, दम लागतोय. हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “सरक.” फुंकणी घेतली आणि एकाच फुंकरीत ज्वाळ काढली.

“छातीतून फुंकतेस, म्हणून दमतेस,” ते म्हणाले. “गाल भरायचे. आणि बी थुंकतो तशी जिभेने आतून थाप मारायची. छातीला तोशीसच नाही.”

फुंकणी अजून त्यांच्या हातात होती. मी विचारलं, “त्या नळीतही असंच फुंकलंत?”

“मग कसं फुंकणार?”

“सगळ्यांनी?”

“अगं, फुंकायचं असतं ते असंच. लहानपणापासून दुसरं केलंय काय आम्ही?”

त्यांनी फसवलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. फुंक म्हटलं, ते फुंकले. जन्मभर ज्या फुंकरीने पोट भरलं, तीच त्यांनी सरांना दाखवली. पलीकडच्या आवारातली माणसं यंत्रावर बसणारी, त्यांना ही कला येत नव्हती. ती बिचारी छातीतून फुंकली आणि फवारे घेऊन गेली.

“आता छातीतून फुंकून दाखवा,” मी म्हणाले.

“कशाला?”

“दाखवा तर.”

त्यांनी श्वास घेतला. अर्ध्यातच तो अडला, मग खोकला सुटला, दोन्ही हात जमिनीवर टेकवून ते किती तरी वेळ खोकत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. बेडका राखेत थुंकले आणि त्याच्यावर स्वतःच राख ओढली. सासूबाई पलीकडे डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी चालत संस्थेच्या कचेरीत गेले. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली, भिंतीवर फळांची आणि भाज्यांची चित्रं, कोपऱ्यात पट्ट्यांची खोकी. ताईला सगळं सांगितलं. तिने नळी काढली आणि आधी छातीतून फुंकलं. तीनशे साठ. मग मी शिकवलं तसे गाल भरून, जीभ मारून. पहिल्यांदा नुसता फुर्रर्र झाला. पाचव्या वेळी काटा साडेचारशेवर गेला.

“अगं बाई!” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग तिने तिथल्या तिथे सरांना फोन लावला. पलीकडून ते काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं, पण ताई चार वेळा “नाही सर, तसं नाही” म्हणाली. शेवटी गुरुवारी अर्धा तास यायला ते कबूल झाले. पुन्हा तपासणी करू, म्हणाले.

ताई जिंकली, पण घरी माझी लढाई बाकी होती.

“चार लोकांत मला म्हातारा ठरवायचंय तुला?” हे म्हणाले.

“फवारे हवेत मला.”

“तुला फवारे हवेत. मुकादमाला काय हवंय माहीत आहे? तो लंगडा बैल दावणीला ठेवत नाही. एकदा का त्याने बघितलं की मी फुंकून खाली बसलो, की संपलं.”

“आणि नाही बघितलं तर? कुठवर जाल असे? चपलेतले खडे काढत?”

असं बोलायला नको होतं. ते उठून बाहेर जायला लागले. तेव्हा सासूबाई, ज्या दिवसातून चार शब्द बोलायच्या, त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “थोरलाही म्हणत होता, आई, मला दम लागतो. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, जा कामावर. गेला मुकाट.”

हे दारातच थांबले. पाठ आमच्याकडे होती. तसेच म्हणाले, “गुरुवारी ना?”

मधल्या दिवसांत मी घरोघरी फिरले. बायकांना पटत होतं, नवऱ्यांना नाही. एक जण म्हणाला, “आधी चारशेनव्वदला फुंकू दे, मग आम्ही बघू.” दुसरा तर दार लोटूनच बसला. मी ठणठणकाकांनाही सांगितलं. ते म्हणाले, “बघू, बघू.” एवढ्यावरच मी आशा धरली.

गुरुवारी सगळं आवार जमलं. मुकादम खांबाला टेकून उभा. सर घड्याळ बघत आले. ताईने यांच्या हातात नळी दिली आणि हळूच म्हणाली, “दादा, गाल नाही. छातीतून.” यांनी मान हलवली. मी त्यांच्याकडे बघत होते. लग्नात बोहल्यावर उभे होते तेव्हाही इतके घाबरलेले दिसले नव्हते.

पहिल्यांदा दोनशे. दुसऱ्यांदा एकशे नव्वद. तिसऱ्यांदा श्वास भरतानाच खोकला आला, तरी तसंच फुंकलं, एकशे सत्तर. मग ते दगडाच्या ढिगावर हात ठेवून वाकले आणि खोकत राहिले. मागे खसखस पिकली.

“अरे वा चारशेनव्वद! फवाऱ्यासाठी काय नाटक केलंय!”

“खोकला तर हुबेहूब!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांच्या घरात तोच खोकला होता, प्रत्येकाच्या बायकोने मला सांगितला होता. सर मात्र हसले नाहीत. ते यांच्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, “दादा, असं आहे. कमी फुंकणं कोणालाही जमतं. जास्त मात्र ठरवून फुंकता येत नाही. म्हणून आपण नेहमी मोठा आकडा धरतो. जगभर तसाच नियम आहे.”

“येतं,” मी म्हणाले. “यांना येतं. सगळ्यांना येतं इथे.”

ताईने पुढे होऊन स्वतः गाल भरून फुंकून दाखवलं. घाईघाईत काटा तीनशेवरच अडकला. लोक पुन्हा हसले. मी ठणठणकाकांकडे वळले.

“काका, तुम्ही तरी सांगा ना. एकदा छातीतून फुंका ना, काका.”

काकांनी मुकादमाकडे बघितलं. मग समोरच्या दगडावर पेराने ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, “काय म्हणालीस बाई? ऐकू येत नाही मला.”

सरांनी वही मिटली. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात नक्की विचार करू, म्हणाले. ताईने एवढंच पदरात पाडून घेतलं की शेऱ्याच्या रकान्यात तिने एक ओळ लिहिली. आकडा होता तोच राहिला, चारशे नव्वद. गाडी गेली. मुकादम खांबापासून हलला, यांच्याकडे एकदा खालून वर बघितलं आणि आपल्या खुर्चीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले आणि उन्हं वर येण्याआधी परत आले. हातात टाक्यांची पिशवी होती. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “नको म्हणाला.”

मी तशीच खाली पळाले. मुकादम चहा पीत होता.

“त्यात रागावण्यासारखं काय आहे?” तो म्हणाला. “काल चार लोकांत त्यानेच दाखवलं ना? दोनशेवाल्याला दगडावर कसा बसवू? उद्या आवारात कोसळला तर तुझी ती संस्थाच माझ्या नावाने बोंब मारेल. आता सगळं लिहून ठेवतात बाई ते.”

संस्थेने मोठा आकडा धरला होता आणि मुकादमाने लहान. दोघांनीही आपापल्या सोयीचा उचलला. मधल्या मधे आम्ही.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. हे दोन ठिकाणी विचारून आले. एका ठिकाणी खडी फोडायचं काम होतं. दुपारी तिथल्या माणसाने त्यांना हाताला धरून सावलीत बसवलं आणि म्हणाला, उद्या येऊ नका. माणूस घरात बसला की त्याचे हात मोठे दिसायला लागतात. यांचे हात मांडीवर पडलेले असायचे, आणि मला घरात तेवढेच दिसायचे. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते. पिठाचा डबा खडखडायला लागला. सासूबाई “मला भूक नाही” म्हणायला लागल्या.

सातव्या दिवशी मी पाणी घेऊन आले तर घरातून ठक ठक आवाज येत होता. हे आमच्याच उंबऱ्याच्या दगडाला टाकी लावून बसले होते. त्याची कड नीट नव्हती म्हणे. घरभर तांबडी धूळ, सासूबाईंच्या केसांवर धूळ, आणि हे तोंड खाली घालून फुंकत होते. माझ्याकडे बघून हसले. आठवड्यात पहिल्यांदा हसले. मी हंडा खाली ठेवला आणि तशीच संस्थेच्या वाटेला लागले.

ताई खोलीत एकटीच होती. मला बघून उठली, बसा म्हणाली. मी बसले नाही.

“यांच्या तपासणीचा कागद पाहिजे,” मी म्हणाले. “शिक्का मारून.”

“हो, देते. डॉक्टरांना दाखवायचाय का? मी दोनशेचा उल्लेख ठळक...”

“मोठा आकडा लिहा.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला.

“वहिनी, आपण दोघींनी इतकं भांडून...”

“भांडलो ना. शेऱ्याची ओळ पण लिहू नका.”

“मला माहीत असून मी कसं लिहू? माझा हात नाही होणार.”

“खोटं कुठे लिहायचंय? तुमच्या वहीत जे आहे ते लिहा. सरांनी सही केलीय त्याच्यावर.” माझा आवाज चढला होता. त्या पोरीचा काही दोष नव्हता, तरी मी तिच्यावरच ओरडत होते, कारण बाकी कोणी माझ्यासमोर उभं राहिलंच नव्हतं. “दुसरं काम आहे का तुमच्या संस्थेकडे, बसून करायचं? धूळ नसलेलं? असेल तर तेच द्या, कागद नको मला.”

ताईने खणातून छापील कागद काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. आकड्याशी येऊन पेन थांबलं. मी दुसरीकडे बघितलं. भिंतीवर सफरचंदाचं चित्र होतं, त्याच्याखाली लिहिलं होतं, आरोग्य तुमच्या हाती. शिक्क्याचा आवाज आला. कागद देताना ती काहीतरी पुटपुटली, मी थांबले नाही.

संध्याकाळी हे आणि मी दोघंही फाटकाशी गेलो. मुकादमाने कागद उजेडात धरला. आकड्यावर बोट ठेवून वाचला, शिक्का बघितला, सही बघितली.

“त्या दिवशी नाटकच होतं म्हणजे,” तो यांना म्हणाला. “फवारे पाहिजे होते काय रे?”

हे माझ्याकडे बघत नव्हते. “हो,” म्हणाले. “नाटक होतं.”

“लेखी आहे म्हटल्यावर माझी जबाबदारी नाही.” त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. “उद्या ये. आणि बायकोला सांग, परत माझ्या आवारात हे धंदे नकोत.”

मी दोन पावलं पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “उपकार झाले तुमचे.”